मशीनच्या डोक्याखालचा हिरवा रंग

प्रिय दादा,

काल तुझ्या वर्षश्राद्धाला पाहुणे उठल्यावर वहिनी सहज बोलल्या, आणि मला जेवण गेलं नाही. म्हणून लिहितो. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या मशीनपासून त्यायनं कोणाच्या फाउंडेशनचं काम घेतलंच नाही. म्हणत, आता माह्या डोळ्याले सीध दिसत नाही."

दिसत होती, दादा! तुला शेवटपर्यंत सीध, सरळ-तिरपं, केसाएवढंही दिसत होतं.

२००६ साली नागपूरच्या एका बंद कारखान्यातून मी ती जुनी मिलिंग मशीन आणली. ट्रकमध्ये मावावी म्हणून तिचं डोकं, म्हणजे कटर फिरवणारा वरचा भाग, वेगळं काढलं होतं. गोंदियातल्या कितीतरी राइस मिलांचे पाये तुझ्या हातचे. माझ्याकडेही काँक्रीट तूच ओतलंस, दोन दिवस पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल इकडून तिकडे सरकवत मशीनखाली पत्र्याच्या चिपा बसवल्यास. मी मात्र दसऱ्याच्या पूजेआधी मशीन नवी दिसावी म्हणून हिरवा ऑइलपेंट घेऊन बसलो.

"काऊन बे, रंग कायले मारून राहिला? नवरी हाये का ते?"

"पूजेले लोकं येतीन, दादा. भंगार म्हणतीन."

"म्हणू दे. भंगारच त हाये!"

किती हसलो होतो आपण!

रंग वाळल्यावर डोकं चढवलं, पूजा झाली आणि पहिलंच काम आलं. शेठजींच्या मिलचा बेअरिंग ब्लॉक. कटरच्या दर फेरीला ब्लॉकवर पायरी पडू लागली, नखाला लागेल एवढी. शेठजी समोर उभे, बाजूला तू. आयटीआयचं तोंड न पाहता सारं स्वतः शिकलेला मी, "चुकलं" कसं म्हणणार? म्हणालो, "दादानं पायाच तिरपा घातला, शेठजी."

तू लेव्हल पिशवीत घातलीस. "पाहून घे मंग," म्हणालास आणि सायकल काढलीस. का नाही भांडलास रे? एक शिवी तरी द्यायचीस!

पाया तिरपा असला तरी कटर आणि टेबल एकमेकांशी काटकोनातच राहतात. एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांनी उमगली. स्पिंडलला, म्हणजे कटर धरणाऱ्या दांड्याला, फरक मोजणारी डायल लावून टेबलावर फिरवली, तर पुढच्या-मागच्या टोकांत बारा शतांश मिलिमीटरचा फरक. डोकं उतरवलं. ते जिथे टेकतं त्या गुळगुळीत जागेवर हिरवा रंग! खाली ओघळून जाड झालेला. माझ्याच ब्रशचा. ब्लेडनं खरवडला, रॉकेलनं पुसला, डोकं परत बसवलं. फरक एका शतांशावर आला.

तुझं घर दोन गल्ल्या पलीकडे. आलो नाही.

पुढच्या दिवाळीला पाया पडायला आलो तेव्हा तूच विचारलंस, "चालते न बरोबर?" मी म्हणालो, "चालते. पाया दुरुस्त करून घेतला." एक चिपही हलवली नव्हती, दादा! तू वहिनींना चहा टाकायला सांगितलंस. त्या चहाबरोबर मी किती सहज गिळलं सारं!

उद्या सकाळी आधी वहिनींना सांगतो. तिथून मिलमध्ये जातो. शेठजी, फिटर, हमाल, सगळ्यांच्या देखत म्हणेन की दादाचा पाया बरोबर होता, चूक माझी होती आणि इतकी वर्षं लपवली मीच. शेठजींनी काम बंद केलं तर करोत. तू ऐकायला नाहीस, एवढंच आता मला दुरुस्त करता येणार नाही.

तुझा धाकटा,
रमेश