नाल्याकाठच्या वावरात खांब न रोवण्याबाबत

पोरी धम्मदीपा, हा कागद लिहायला मला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तू विजयादशमीला विचारलंस आणि आता हरभरा वीतभर वर आला. मी रोज लिहायला बसत होतो आणि रोज कोणीतरी येऊन डोकावत होतं. म्हणून आज दाराला कडी लावून लिहितो आहे.

मी, देवमन उकंडा सरकटे, वय अठ्ठ्याहत्तर असावं, शिक्षण सातवी (परीक्षेला बसलो नाही), धंदा शेती, राहणार धनज, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मी नशापाणी केलेलं नाही आणि माझ्या पाठीशी कोणी काठी घेऊन उभं नाही. माझं डोकं फिरलं असं म्हणणारे गावात आहेत. त्यांची नावं पुढे येतील. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी माझ्या अंगठ्याचा कागद दाखवला तर तो खोटा समजावा, कारण मला सही येते.

कलम १. राहतं घर मी माझा एकुलता मुलगा संघदीप याला देतो. तो कामरगावला शाळेत कारकून आहे. घराची मागची खिडकी त्याने बुजवून घ्यावी. तिच्यातून राजूची माणसं आत पाहतात. राजू म्हणजे कामरगावचा जमिनीचा दलाल. संघदीप म्हणतो, "बाबा, तिकून कोणी पाहत नाई, बकऱ्या जाते." बकऱ्या कोणाच्या आहेत हे त्याने कधी विचारलं नाही.

कलम २. कडूलिंबाच्या लाकडाची बाज मी सून रंजीता हिला देतो. भागिरथा, म्हणजे माझी बायको, शेवटच्या आजारात त्या बाजेवर होती आणि रंजीताने तिचं सगळं केलं. ते झाड भागिरथाने लावलेलं होतं. ते का तोडलं ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ३. वखर, डवरा आणि तिफण शेजारी जगदेव याला द्यायचं ठरवलं होतं. पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असं दुसरा साक्षीदार किसनसिंग सांगतो. म्हणून तो मजकूर खोडला. जगदेव म्हणाला, "भाऊ, मंग मी सहीच नाई करत, तिफण दे." तो थट्टा करत होता असं मी धरून चालतो. अवजारं संघदीपला.

कलम ४. पोस्टात जे काही असेल त्यातून माझं पुण्यानुमोदन करावं. विहारात वंदना घ्यावी, जेवण साधं करावं. जगदेवची बायको गोजराबाई हिला बोलवावं, पण मी तिला माफ केलेलं नाही. तिने दोन वर्षं माझ्या वावराच्या तोंडाशी तुराट्यांची गंजी रचली. मी सांगितल्यावर म्हणाली, "आबाजी, तुमचं इमान आलं का मले आवाज द्या, मी गंजी उचलतो." विमान कोणतं ते कलम ५ मध्ये आहे, पण ते आवाज देऊन येत नाही.

कलम ५. आता मुख्य. नाल्याकाठचं चार एकर वावर, माझ्या स्वतःच्या कष्टाचं. पूर्वेला गाडरस्ता, पश्चिमेला नाला, दक्षिणेला जगदेवचं शेत, उत्तरेला पांदण. पाचवी बाजू वरची. ती मोकळी आहे आणि मोकळीच राहावी. हे वावर मी माझी नात धम्मदीपा संघदीप सरकटे हिला देतो, या अटीवर की त्यात खांब, विहीर, झाड, मांडव काहीही उभं राहू नये, आणि तूर व पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पेरू नये, कारण ती उंच होतात. हरभरा आणि सोयाबीन चालेल.

कारण लिहितो, म्हणजे कोर्टात कोणी वेडा ठरवू नये. धम्मदीपा विमान चालवायला शिकायला गेली त्या पहिल्या उन्हाळ्यात सुट्टीत आली आणि माझ्याजवळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसली. मी विचारलं, "तिथं शिकवते तरी काय वं तुमाले?"

ती म्हणाली, "आबा, वर गेलं का मास्तर मधातच इंजिनाचा दम कमी करते अन् म्हणते, गेलं इंजिन, आता कुठं उतरशीन ते सांग."

"मंग?"

"मंग खाली पाहा लागते. लांब वावर, तारा नाई, खांब नाई, झाड नाई, अन् वारा समोरून."

ती हसत होती. मला हसू आलं नाही. एकच इंजिन, तेही कोणा परक्या मिस्तरीने उघडलेलं आणि बंद केलेलं. त्याने सगळे नट आवळले की नाही ते कोण पाहतं? शाळा विदर्भातलीच. पोरीचं विमान धनजवरून जाणारच नाही असं मला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

म्हणून मी ते वावर करून ठेवलं. धोंडे वेचले. वखरणी लांबीच्या अंगाने केली. विजेची लाइन मधून जाणार होती, ती लाइनमनच्या मागे लागून पांदणीकडून नेली. पूर्वेच्या टोकाला भागिरथाचा कडूलिंब होता. तो आडवा येत होता. तो तोडला तेव्हा भागिरथा आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिने आपलं जुनं लुगडं फाडून त्याची लांब बाही शिवली आणि म्हणाली, "पोरगी म्हणे का कापडावरून वारा समजते. बांधा." ती बाही मी बांधाच्या कडेला, वावराबाहेर, बारीक बांबूवर लावली. एक फाटली की दुसरी, त्याच लुगड्याची. जगदेवने त्या दिवशी विचारलं, "भाऊ, मुंबईचं तिकीट कितीले?" त्याला मी दोन वर्षं शेतात पाणी प्यायला दिलं नाही.

पोरीला परवाना मिळाला. नोकरी मिळाली नाही. प्रत्येक कंपनी विचारते, किती तास उडवलं? आणि नोकरी नसली तर उडवायचं कोणाचं? ती नागपूरला शिकवणीत गणित शिकवते आणि अर्ज करते. मधे एक गृहस्थ फोनवर आले, म्हणाले जागा पक्की आहे, आधी पैसे पाठवा. मी पोरीला म्हटलं, "त्याले म्हणा कंपनीच्या फाटकापाशी भेट." त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. तेव्हापासून घरात माझ्या संशयाला कोणी हसत नाही, निदान तोंडावर.

आता एक कंपनी तिला घ्यायला तयार आहे म्हणते. पण आधी तिने त्यांच्या जातीच्या मोठ्या विमानाचं शिक्षण स्वतःच्या खर्चाने पुरं करायचं. मुदत पुढच्या महिन्याची. तेवढा पैसा एकाच ठिकाणाहून निघतो. विजयादशमीला ती मला म्हणाली, "आबा, वावर विकू."

मी म्हटलं, "अन् तू उतरशीन कुठं?"

ती म्हणाली, "मोठं विमान आपल्या वावरात उतरतच नाई आबा. त्याले दोन-अडीच किलोमीटरची पक्की पट्टी लागते. अन् त्याले दोन इंजिन असते. एक गेलं तं दुसऱ्यावर उतरते."

इथे मला संशय आला, आणि तो मी लपवत नाही. आठ दिवस आधी राजूने बांधावर उभं राहून हेच म्हटलं होतं, "आबाजी, मोठ्या विमानाले तुमचं वावर काय कामाचं?" त्याच्यासोबत सौर प्लेटा लावणाऱ्या कंपनीची दोन माणसं होती. राजूला पोरीच्या विमानाचं काय कळतं? मी संघदीपला विचारलं. त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "बाबा, मीच राजूले गिऱ्हाईक पाहाले सांगितलं. पोरगी माही बी हाय." ते मी मान्य करतो. पण पोरीला कोणी पढवलं हे मी अजून शोधतो आहे.

म्हणून मी हा मार्ग काढला. वावर पोरीच्याच नावाने करतो. विकायचं तर तिने, ठेवायचं तर तिने. माझ्यावर बोल नाही आणि राजूच्या हातात काही नाही.

इथपर्यंत लिहून मी साक्षीदारांना बोलावलं. किसनसिंग राठोड पोस्टातून निवृत्त आहे, त्याला कागद समजतात. (त्याने गेल्या बाजारी राजूसोबत चहा घेतला, हेही मला माहीत आहे.) त्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, "देवमनभाऊ, मृत्युपत्र चालते माणूस मेल्यावर. पोरीची मुदत पुढच्या महिन्यात हाय. तू काय पुढच्या महिन्यात मरून राह्यला काय?"

जगदेव म्हणाला, "अन् मेला तरी राजेहो, हा खांब रोवू देत नाई. मंग इकत कोण घेईन?"

मी म्हटलं, "तुमाले काय करा लागते?"

जगदेव हसला नाही. म्हणाला, "भाऊ, तू उतरायची जागा राखून राह्यला. पोरीले अजून चढाले नाई भेटलं."

मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि पुन्हा आत आलो.

कलम ६. कलम ५ मी माझ्या हाताने रद्द करतो. ते वावर या मृत्युपत्रात नाही. ते मी माझ्या हयातीत विकणार, कारंजाला जाऊन, स्वतः सही करून. सौर प्लेटवाले घेणार असतील तर त्यांना विकीन. ते खांब रोवतील. रोवू दे. पैसे राजूच्या हातून जाणार नाहीत, संघदीपच्याही नाहीत. शिकवणाऱ्या संस्थेत मी पोरीसोबत जाईन आणि पावती तिच्या नावाने घेईन. राजूला त्याची दलाली मिळेल, पण तो माझ्या ओट्यावर चढणार नाही.

कलम ७. बांबूवरची लुगड्याची बाही विक्रीत धरू नये. ती धम्मदीपाची.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही करतो. साक्षीदारांनी माझ्यासमोर सही केली. जगदेवने पेन परत दिला नाही, तो घ्यायचा आहे.

सही: देवमन उकंडा सरकटे
साक्षीदार: १) जगदेव तुळशीराम ठाकरे, धनज २) किसनसिंग गंगू राठोड, धनज
ठिकाण: धनज. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४

ता. क. पोरी, याची नक्कल तुला किसनसिंगच्या हाताने पाठवतो. पाकीट चिकटवलं आहे, उघडलेलं दिसलं तर सांग. पैसे भरायच्या आधी ते विमान उभं असताना जवळ जाऊन पाहा. दोन इंजिनं आहेत हे कोणाच्या सांगण्यावरून नको, फोटोवरून नको. दुसऱ्याला हात लावून पाहा. आहे म्हणालीस तर मी दुसऱ्या दिवशी कारंजाला जातो. तोवर वावर मोकळं आहे आणि बाही बांधलेली आहे, आज वारा पश्चिमेचा आहे. निरोप लवकर पाठव.