आधी बापाचं नाव

अंबत्तूर, ५ जुलै २०२५

चि. विद्याधरराव यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि अर्ध्यात भांडता येत नाही, म्हणून लिहिते. एरिक्करै फुटबॉल क्लबच्या पन्नास वर्षांची स्मरणिका आली. इतिहास जावयानं लिहिलाय म्हणून कौतुकानं चष्मा लावला. पहिल्याच पानावर ‘संस्थापक कै. बालाजीराव’! वर अप्पांचा फोटो! अय्यो, माझे वडील आणि फुटबॉल?

क्लब काढला माझ्या भावानं, उदयसिंहानं. कारखान्यात टर्नर होता. तळ्याकाठची काटेरी झुडपं त्यानं स्वतः तोडली, रविवारी सुट्टीवरची पोरं गोळा केली, बांबूचे गोल उभे केले. कुठल्या लीगनं कधी दारात उभं केलं नाही, तरी पोरं अजून खेळतात ती त्याच्यामुळे. तुमच्या चाळीस पानांत उदयसिंह सापडतो तो फक्त ‘बालाजीरावांचे वडील’ म्हणून. लिहिताना डोकं ठिकाणावर होतं का?

सौम्याला आशीर्वाद. लोभ आहे, पण तूर्त रागाखाली दबलाय.

अन्नपूर्णाबाई

नुंगंबाक्कम, ८ जुलै २०२५

ती. आईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून सौम्या माझ्याशी धड बोलत नाही. पण मी मनचं काही लिहिलेलं नाही. क्लबच्या पहिल्या वहीत संस्थापकाची सही स्वच्छ आहे: ‘बालाजीराव उदयसिंह’. आमच्या नाशिककडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं. अप्पांच्या वडिलांचं नाव उदयसिंह, हे सौम्यानंच कधीतरी सांगितलं होतं. सगळं जुळलं. सौम्याचे मामाही त्या क्लबात खेळायचे, एवढंच मला ठाऊक होतं.

रविवारी, वीस तारखेला, पाटीचं अनावरण तुमच्याच हस्ते आहे. दगड कोरून झाला, अप्पांच्या फोटोला हारही तुम्हीच घालायचा. शेवटी मान आपल्याच घरात राहतो ना? एवढं मनाला लावून घेऊ नये.

रागावलात तरी माया कमी करू नये.

आपला,
विद्याधर

अंबत्तूर, ११ जुलै २०२५

चि. विद्याधरराव यांस आशीर्वाद, वि. वि.

‘आपल्याच घरात’ वाचलं आणि माझं अंग पेटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, सौम्याची सर्टिफिकिटं कधी पाहिली नाहीत? इथे तमिळ मुलखात बापाचं नाव आधी, आपलं मागून. आणि आजोबांचं नाव नातवाला, म्हणून घरात दोन उदयसिंह. रिक्षा करून आला असतात आणि विचारलं असतंत, तर काय झालं असतं?

आता अप्पांचं ऐका. तंजावरच्या सरदारांचा पणतू मजुरांबरोबर अर्ध्या चड्डीत धावतो, याची त्यांना लाज वाटे. शहात्तर साली त्यांनी उदयाचा चेंडू विळीवर धरून उभा चिरला आणि म्हणाले, घर हवं की चेंडू ते सांग. उदया त्याच पावली निघाला. पंधरा वर्षं कारखान्याजवळच्या खोलीत राहिला, तिथेच काविळीनं गेला. अप्पा त्याला पोचवायलासुद्धा आले नाहीत. मी दाराशी उभी होते आणि भावाला अडवलं नाही, ते मला अजून खातं. आणि आता त्याच अप्पांना त्याच मैदानावर मी हार घालू? प्राण गेला तरी येणार नाही. तुमचा दगड तुम्हीच उघडा.

अन्नपूर्णाबाई

नुंगंबाक्कम, १४ जुलै २०२५

ती. आईंस सा. न. वि. वि.

चूक माझी. जुळलं म्हणून खरं मानलं, विचारलं नाही. काल पहिले गोलकीपर रामस्वामी यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसासुद्धा म्हटलं नाही. बाकी सगळे बापाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहीत, मामा मात्र प्रत्येक मॅचच्या यादीत अप्पांचं नाव पूर्ण लिहीत. ज्यानं घराबाहेर काढलं त्याचं नाव कशाला, असं सगळे चिडून विचारत. मामा म्हणत, अप्पांनी कधी वही उघडली तर त्यांना स्वतःचं नाव सापडायला नको?

अध्यक्षांना भेटून चूक कबूल केली. नवा दगड घेतलाय, फोटो मामांचाच लागेल. विचारायचं एवढंच, नुसतं ‘उदयसिंह’ कोरू की वहीतली दोन्ही नावं?

माझ्यावर राग ठेवा, पण परकं करू नका.

आपला,
विद्याधर

अंबत्तूर, १७ जुलै २०२५

चि. विद्याधरराव यांस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे त्या रामस्वामीनं मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही. त्याच्यावरही भडकले आहे, भेटला की बोलणार आहे.

अप्पांनी ती वही कधी उघडली नाही. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. नुसतं ‘उदयसिंह’ कोरा, असं लिहायलाच बसले होते. पण अप्पांचं नाव खोडायचा हक्क एकट्या उदयाचा होता, आणि तो मरेपर्यंत ते स्वतःच्या आधी लिहीत राहिला. दोन्ही नावं कोरा. त्यानं लिहिली त्याच क्रमानं.

रविवारी मला न्यायला या. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, तरी जेवूनच जा.

अन्नपूर्णाबाई