शीतगृहाचं हरवलेलं पान

गुंटूर

प्रिय सुवर्चला,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस, पाचवीत शाळा सुटली तेव्हाचंच ते आहे. तुझ्या लग्नात कोण काय बोललं ते उकरायला बसलेली नाही. काम आहे.

आपल्या शीतगृहासाठी तू बनवलेल्या प्रोग्रामचं ते कारभाराचं पान उघडत नाही. तेच गं, ज्यात सगळे तुकडे एकाखाली एक दिसतात, थंडीचा वेगळा, वजनकाट्याचा वेगळा, पोत्यांचा वेगळा, आणि हवा तो बंद-चालू करता येतो. तुकडे चालू आहेत. थंडी ठीक, काटा ठीक, मिरची आत येते, बाहेर जाते. पान तेवढं गेलं. पांढरा पडदा आणि वर लिहिलेलं, सापडत नाही.

मिरची यार्डाजवळच्या संगणकवाल्या रमणय्याला बोलावलं. त्याने वायर ओढून पाहिली, पत्ता पुन्हा टाइप केला, दुसऱ्या संगणकावरून बघितलं. मी म्हटलं, "अरे, पूजा मांडलीस का? आटप की!" मग पडद्यावर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडून तिच्यात डोकावला आणि हसायलाच लागला. "अम्मा, हे पान म्हणजेसुद्धा एक तुकडाच. कुणीतरी पानात बसून पानच बंद केलंय. आता आत जायला दारच नाही!" कुणी केलं ते विचारावं लागलं नाही. तुझे नान्ना खाली मान घालून शर्टाचं बटण चाळवत होते.

तुला हे ठाऊक नाही. ज्या बापाने तुला उंबरा चढू नकोस म्हणून सांगितलं, तो रोज सकाळी आधी ते पान उघडायचा. मला वाटे, कामाचं बघतात. एकदा मागे जाऊन उभी राहिले, तर प्रत्येक तुकड्यापुढे बनवणाऱ्याचं नाव. वरपासून खालपर्यंत तूच. हे आपले बोट ठेवून एकेक ओळ उतरतायत. विचारलं तर म्हणाले, "थंडी बघतोय. तू जा, कॉफी टाक."

आता डोकं साथ देत नाही त्यांचं. इडली खाऊन हात धुतात आणि पुन्हा इडली मागतात. मला शेजारीण समजतात, 'अहो बाई' म्हणतात. पण पानासमोर बसले की तुझं नाव बिनचूक वाचायचे, मोठ्याने. तिथेच बोट भलतीकडे पडलं.

रमणय्या म्हणतो, पान चालू करायला तुझा पासवर्ड हवा, नाहीतर सगळं पुसून नवीन बसवतो. नव्यात नाव कुणाचं येईल, मी विचारलं. "कंपनीचं, अम्मा, आणखी कुणाचं?" कॉफी पाजून वाटेला लावला त्याला.

काल जेवताना गोंगुराची चटणी वाढत होते, तर यांनी मला विचारलं, "अहो बाई, मला कुणी मूलबाळ होतं का?" मी भात कालवून दिला.

पासवर्ड फोनवर सांगितला तरी चालेल, असं रमणय्याचं म्हणणं. मला चालणार नाही. पाठवू नकोस, घेऊन ये. त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडून ठेवलीय. तुझा चेहरा ते ओळखणार नाहीत, रडत बसू नकोस. पान उघड, त्यांचं बोट धरून तुझ्या नावावर ठेव आणि सांग, ही मी.

तुझीच,
अम्मा