शनीची कडी गेली कुठे?

आदरणीय साडूभाऊ,

तुम्हाला आणि ताईंना वाकून नमस्कार. ताईंचा गुडघा आणि तुमचा खोकला एव्हाना ताळ्यावर आले असतील. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण माझंच डोकं ठिकाणावर नाही. साडूभाऊ, शनीची कडी गायब झाली!

सासरेबुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, हे मी, चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं घासलेला माणूस, घसा कोरडा करून सांगतोय. पण धाकट्या जावयाचं ऐकलं तर त्यांचा मान कमी होतो ना! म्हणून पैज लावली. दुकानातल्या भिंगांची दुर्बीण केली (नळी पन्हळीची, कोणाच्या ते विचारू नका) आणि शेजाऱ्यांदेखत ठरलं की शनीची कडी दिसली नाहीत तर सासरेबुवांनी मुकाट्याने ऑपरेशन करून घ्यायचं. दिवे लागताच गच्चीवर जमलो. सासरेबुवांनी डोळा लावला आणि म्हणाले, “स्वच्छ दिसतोय. गोल गरगरीत. कडंबिडं काही नाही.” मी टाळीच वाजवली आणि मोठ्या थाटात स्वतः डोळा लावला. पायाखालची जमीनच सरकली. कडी खरंच नव्हती! भिंगं पुसली, डोळा बदलला, तरी नुसता पिवळा वाटाणा. शेजारच्या शिंप्यालाही वाटाणाच दिसला. सासरेबुवा म्हणाले, “जावईबापू, आधी तुमचे डोळे दाखवून या.”

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई पोट धरून हसल्या. साधारण पंधरा वर्षांनी एकदा म्हणे कड्यांची नुसती धार आपल्याकडे होते, आणि ती इतकी पातळ की लहान दुर्बिणीतून दिसतच नाही. (चारशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून शनी पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही दोनच वर्षांत हाच धक्का बसला होता.) पंधरा वर्षांतून एकदा, आणि मी मुहूर्त काढला तो नेमका तेव्हाच! आता गिऱ्हाइकं चष्मा घेण्याआधी माझीच नजर तपासतात.

आपला,
धाकटा साडू

ता. क. शनीचं राहू द्या. काल तुमची मेहुणी सहज बोलून गेली की तिचे वडील पाहत होते तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावर झाकण होतं. माझी पाळी आल्यावर तिने ते गुपचूप काढलं. हे त्यांना कळू देऊ नका, फार लाजतील. सुट्टी काढून या आणि तुम्हीच त्यांना दवाखान्यात न्या. थोरल्या जावयाचा शब्द ते मोडत नाहीत.

पुन्हा ता. क. लवकर या. आज सकाळी ते दुकानात आले आणि मीच आहे असं समजून आरशाला खडसावत राहिले. मी त्यांच्या मागेच उभा होतो.