डब्यातली पाती

ता. ९, मंगळवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार, पिल्लाला पापा. इकडे सगळे बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. फोन तू उचलत नाहीस. रंधा सोडून मशीनवरच काम करणार म्हणून बाबांशी भांडून गेलास, तो राग अजून नाकावरच असेल. तरी हे शेवटपर्यंत वाच.

बाबांना आता काही आठवत नाही. दार अडकतंय म्हणत रोज स्वयंपाकघराच्या दारावर रंधा मारायचे. दार इतकं झिजलं की कडीच लागेना. मग एकदा पात्यावर तळहात कापून घेतला. मी सगळ्या रंध्यांची पाती काढली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. ते रिकामाच रंधा फळीवर ढकलत बसायचे. मी म्हटलं, चला, ब्याद टळली.

पण सुतारच ते. सालपट निघत नाही हे कळलंच त्यांना. रंध्याला बोल लावला नाही. "माझ्या हातातलं बळ गेलं गं," म्हणाले आणि खाटेवर पडले. जेवण टाकलं.

माझ्या काळजाचं पाणी झालं. डबा उघडला, तर कुठलं पातं कुठल्या रंध्याचं, कळेना. हसू नकोस. बाकदार धारेचं ते जाड सालपट काढणाऱ्या रंध्याचं, अरुंद ते खाचेच्या रंध्याचं, एवढं जमलं. सरळ धारेची दोन उरली. रुंद पातं कडा सरळ करायच्या लांब रंध्यात बसलं. कोपरे घासलेलं ते शेवटचा हात फिरवायच्या छोट्या रंध्याचं. कोपरे घासले नाहीत तर लाकडावर रेघा उठतात, हे तूच मला शिकवलं होतंस.

छोटा रंधा बाबांच्या हातात दिला. त्यांनी ढकलला. तो जागचा हलला नाही, सालपट निघालं नाही. उपाशी राहून तोवर हात खरंच गेले होते, दादा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पातं काढलंयस तू! तरीच. मला वाटलं, हातच गेले." किती दिवसांनी चेहरा उजळला. मी लगेच हो म्हटलं. तर म्हणाले, "तुला काय कळतं रंध्यातलं? त्याला बोलाव. तो बघून सांगेल."

डॉक्टर म्हणतात, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ताच बोलवा.

तू ये. ते रंधा तुझ्या हातात देतील. खालून बोट फिरव. धार लागेल. तरी पातं नाही म्हणून सांग.

वाट बघणारी,
तुझी छोटी