जाडा, लाल मूठ आणि गुवाहाटीला गेलेला तिसरा

कोन, मंगळवार

ती. दाजींना,

कोनहून बाळारामचा नमस्कार. दोन्ही हातांनी करायला हवा हे कळतं, पण डावा फडक्यात बांधलेला आहे (कारण पुढे येईल) आणि उजव्यात पेन आहे, तेव्हा एका हाताचा नमस्कार पूर्ण समजून घ्यावा. इकडे सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? कमळाताई सांगत होती की तुम्ही रोज सकाळी खाडीच्या बांधापर्यंत चालत जाता आणि परत येताना गोडाऊनच्या ट्रकला हात दाखवून त्यात बसून येता. डॉक्टरने चालायला सांगितलं त्यात जाणं आणि येणं दोन्ही धरलेलं असावं असं मला वाटतं, पण तुम्ही मोठे, तुम्हाला मी काय सांगणार. ताईची शुगर आता आटोक्यात असेल. कोजागिरीला ती मसाला दूध चमच्याने प्यायली की ग्लासने, तेवढं विचारून ठेवा.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोन ताई उचलते, आणि नट फिरवायच्या रॅचेटचा शब्द काढायच्या आत ती आईची कंबर, रूपाचा उपास आणि आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं हे सगळं विचारून घेते. तिच्या हातातून सुटून फोन तुमच्याकडे आला तर तुम्ही दुसरं वाक्य ऐकतच नाही. गेल्या मंगळवारी मी "दाजी, जाडा बाद" एवढंच बोललो आणि तुम्ही "समजला" म्हणून ठेवलात. तुम्हाला काय समजलं ते मला काल समजलं. तुम्ही दुकानासाठी लाल मुठीच्या रॅचेटची बारा डझनांची ऑर्डर दिलीत आणि परवा गुरुवारी माल उचलणार आहात. पत्राचं बरं असतं, ते मध्येच ठेवून देता येत नाही. (तुम्हाला येतं, हे माहीत आहे. ठेवू नका.) गॅरेजातला विशाल टेम्पो घेऊन कशेळीलाच निघाला आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. तो समोर उभा राहून तुम्ही शेवटचं पान उलटलेलं बघेल, तसं त्याला बजावलं आहे.

गोष्ट गंभीर आहे, दाजी. पाडव्याला 'केसरीनाथ टूल्स'चं शटर वर गेलं की कशेळीपासून कल्याणपर्यंतचा प्रत्येक मेकॅनिक तुमच्या शब्दावर हत्यार घेणार. सोळा वर्षं ह्या गॅरेजात तुम्ही "हा टिकंल" म्हणालात ते टिकलं आणि "ह्याचा काय खरा न्हाय" म्हणालात ते घाट चढायच्या आतच तुटलं. लोक कंपनीचं नाव बघत नाहीत, तुमचं बघतात. आणि तुम्ही बघता माझ्या तोंडाकडे, कारण हत्यारं तपासायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं. तेव्हा माझ्या एका अर्धवट फोनने तुमचा शब्द मातीत जायला नको. म्हणून काय घडलं ते सुरुवातीपासून सांगतो आणि माझ्या चुका मीच सांगतो, म्हणजे त्या शेजारच्या राघोकडून तुमच्यापर्यंत पोहोचणार नाहीत.

आपलं ठरलं होतं की तीन रॅचेट, तिन्ही अर्ध्या इंचाचे, आळीपाळीने सारखेच वापरायचे. पहिला पंजाबचा, चोवीस दातांचा, ज्याला आपण जाडा म्हणतो. दिसायला काही नाही, मूठ लोखंडाचीच, फिरवला की किर्र-किर्र आवाज थेट कोनच्या नाक्यापर्यंत. दुसरा लाल मुठीचा, बहात्तर दातांचा, आरशासारखा चकचकीत. तो टायवाला सेल्समन घेऊन आला होता आणि त्याने तो मखमलीच्या पिशवीतून असा काढला, की मी हात पुसून घेतला. तिसरा तैवानचा, दातांनी दोघांच्या मधला. त्याचं आधी सांगून टाकतो कारण त्याचं थोडक्यात आहे. ऑगस्टात एका बारा टायरी गाडीखाली मी त्याने सायलेन्सरचे बोल्ट आवळले, चहा आला म्हणून तो चॅसीवर ठेवला आणि चहा झाल्यावर गाडी सोडली. गाडी गुवाहाटीची होती. त्याची टिकाऊपणाची परीक्षा सध्या चालूच असणार, पण निकाल आपल्याला कळायचा नाही. मी वहीत त्याच्यापुढे 'गैरहजर' लिहिलं आहे.

राहिले दोन. इथे दातांचं गणित तुम्हाला सांगायला मी कोण, पण दुकानात गिऱ्हाईक विचारेल म्हणून लिहितो. दात जास्त असले की मूठ जराशी हलवली तरी नट पुढे सरकतो, त्यामुळे अडचणीच्या जागेत लाल मूठ खरंच छान चालते. रेडिएटरच्या मागे, जिथे जाड्याला मूठ फिरवायला जागाच मिळत नाही, तिथे ती दोन बोटांत काम करते. पण दात जास्त म्हणजे दात बारीक, आणि बारीक दातावर आपल्यासारख्यांचं वजन आलं की ते झिजतात. जाड्याचे दात कमी पण मोठे, त्याला अर्धा हात जागा लागते, मात्र एकदा धरलं की सोडत नाही. दुसरं म्हणजे जाड्याच्या डोक्यावर झाकण आहे, दोन स्क्रू काढले की आतली दातांत अडकणारी खिटी, स्प्रिंग सगळं हातात येतं. जुलैत त्याची स्प्रिंग बसली तेव्हा मी बॉलपेनची स्प्रिंग कापून टाकली, अजून चालते आहे. लाल मुठीचं डोकं कायमचं बंद. बिघडलं की लाइफटाइम गॅरंटी, म्हणजे मूळ खोक्यासकट कुरिअरने पाठवायचं. मूळ खोक्यात रूपाने वाती ठेवल्या आहेत आणि ती ते द्यायला तयार नाही.

आता पहिली चूक. तुमचा नियम होता की जोर वाढवायला रॅचेटच्या मुठीला पाईप लावायचा नाही. बसलेला नट टॉमीच्या लांब दांडीने फोडायचा आणि ढिला झाला की मग रॅचेटने काढायचा, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात शिकवलं, आणि तेही कानाला धरून. श्रावणात एके दिवशी शेजारच्या गॅरेजचा राघो लाल मूठ मागून घेऊन गेला. मी दिली. थोड्या वेळाने धप्प असा आवाज आला म्हणून गेलो तर राघो जळक्या ऑइलच्या टबात बसलेला. त्याने लाल मुठीला चार फुटांचा पाईप घातला, पुढची गोटी (सॉकेट) ट्रकच्या चाकाच्या नटाला लावली आणि पाईपच्या टोकावर उभा राहून उडी मारली. नट जागेवर, गोटी जागेवर, राघो टबात. मी रॅचेट उचलून कानाशी फिरवून बघत होतो तर तो आतूनच ओरडला, "माजी कंबर गेली ना तू रॅचेटला काय झाला तं बगतंस?" मला खरंच तेच बघायचं होतं. तुटली नव्हती. पण त्या दिवसापासून जोर दिला की दहात एकदा दात सोडते. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर पाईपचं सांगावं लागलं असतं, आणि पाईपचं सांगितलं असतं तर तुम्ही राघोला सोडून मला बोलला असतात. वहीत मी 'ठीक' लिहिलं. ते ठीक नव्हतं.

दुसरी चूक खंडेनवमीची. हत्यारांच्या पूजेला दरवर्षी मी सगळं रॉकेलने धुतो हे तुम्ही जाणताच. ह्या वर्षी जाडा आतूनही स्वच्छ करावा असं वाटलं (तीन महिने राबला होता, त्याचाही मान), म्हणून झाकण काढलं, खिटी पुसली आणि मग विचार केला की एवढं चकचकीत केलं आहे तर देवालाही आतून दिसू दे. तसाच उघडा पाटावर मांडला. रूपाने हळदकुंकू, फूल, अक्षता, नारळाचं पाणी, सगळं मनापासून वाहिलं. तिचं मन मोठं आहे आणि मूठही मोठी आहे. दुसऱ्या दिवशी दसरा, हत्याराला हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नागपूरचा एक ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत उभा, "उस्ताद, पूजा हो गई हो तो थोड़ा काम भी कर लो." मी घाईत झाकण बसवलं, दोन स्क्रू आवळले आणि गाडीखाली गेलो. शाफ्टच्या नटाला लावून सगळी ताकद दिली, आणि जाडा मोकळा फिरला. नुसता भुर्रकन, ना इकडे धरतो ना तिकडे. डावा हात जाऊन चॅसीवर आपटला, चार बोटांची सालं निघाली. ड्रायव्हर वरून विचारतो, "टूटा क्या?" तो नटाबद्दल विचारत होता.

त्या रागात, हाताला हळद दाबून, तुम्हाला फोन केला. तीन महिने ज्याने एकदाही दगा दिला नाही त्याने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिला, म्हणून जास्तच राग आला. मग परवा रविवारी, राग उतरल्यावर, झाकण उघडलं. खिटीच्या खाली तांदळाचा एक दाणा. नारळाच्या पाण्यात फुगून चांगला शिजायला आलेला, कुंकवाने लाल. त्याने खिटी दाबून धरली होती, ती दातापर्यंत पोहोचतच नव्हती. टाचणीने दाणा काढला, पातळ तेलाचे दोन थेंब टाकले (गिऱ्हाइकांना हेही सांगा, जाड ग्रीस आत भरू नका, खिटी चिकटते) आणि जाडा पुन्हा किर्र-किर्र. मी रूपाला दाणा नेऊन दाखवला आणि विचारलं की एवढे तांदूळ वाहायची काय गरज होती. ती भाकरी थापत होती, तिने वर बघितलंही नाही. "मी तांदूल वाहिलं. झाकन उगडा तुमी ठेवला." ह्यावर तुम्हाला काही उत्तर सुचलं तर कळवा.

तर खरा निकाल असा की नापास झाला तो मी. जाड्याने तीन महिने ट्रकखाली काढले, बॉलपेनच्या स्प्रिंगवर चालला आणि देवाचा प्रसाद पोटात घेऊनसुद्धा तुटला नाही. लाल मूठ वाईट नाही, पण ती आपल्या रस्त्याची नाही. आपल्याकडे पाईप आहेत आणि राघो आहेत. मला लाज वाटते की तुमच्या नावाची गोष्ट होती आणि मी एक खोटं लिहिलं, एक न बघता बोललो. रागवायचं असेल तर ताईसमोर रागवू नका, ती आईला सांगते आणि मग ते मला दोनदा ऐकावं लागतं.

ताईला नमस्कार, घरातल्या लहानमोठ्यांना ज्याला त्याला जे द्यायचं ते.

तुमचा,
बाळाराम

ता. क. गुरुवारी माल उचलायच्या आत ऑर्डर फिरवा. अकरा डझन जाडा, एक डझन लाल मूठ, ती मोटारसायकल आणि कारवाल्यांसाठी. ट्रकवाल्याने लाल मागितली तर आधी घरात पाईप आहे का ते विचारा.

ता. क. २. वर तीन महिने परीक्षा घेतली असं मोठ्या तोंडाने लिहिलं आहे. तेवढे लागत नव्हते. जाडा चांगला हे मला पंधराव्या दिवशीच कळलं होतं, आणि तुम्हाला तर पहिल्याच शुक्रवारी झाकण उघडल्यावर कळलं असणार, तुम्ही हसलात ते मी बघितलं. मी "अजून बघू" म्हणत राहिलो, कारण परीक्षा चालू आहे तोवर तुम्ही दर शुक्रवारी येत होतात. टायरवर बसायचात, मला चार शिव्या द्यायचात, मग राहवत नाही म्हणून बाह्या वर करून गाडीखाली यायचात. तुम्हीही "अजून बघ" म्हणायचात, तेव्हा सगळा दोष माझ्या एकट्याचा नाही. जाडा बाद असा फोन केला आणि गेल्या शुक्रवारी तुम्ही आला नाहीत. दिवसभर गॅरेजात काही जागेवर सापडत नव्हतं.

ता. क. ३. दुकानाची पाटी रंगवायला दिली आहे आणि त्यावर 'रविवारी बंद' लिहायचं आहे असं ताई म्हणाली. पेंटरला थांबवा. 'शुक्रवारी बंद' लिहून घ्या. शुक्रवारी सगळ्या भिवंडीचे यंत्रमाग बंद असतात, कोणाला वावगं वाटणार नाही. रविवारी माझंही गॅरेज बंद असतं, दाजी. मग तुम्ही तिकडे बसाल, मी इकडे बसेन, आणि आपल्या दोघांनाही घरात कोणी हत्याराला हात लावू देणार नाही.