चोराचं रेकॉर्डिंग

प्रिय दादा,

तुला पत्र लिहितोय असं कुणाला सांगितलं तर दुकानातली माणसं हसतील. सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप शिकवणारा किसन वहीचं पान फाडून पेनानं लिहितोय! पण तुझा मोबाईल माझ्यासमोर टेबलावर पडलाय, आणि आता मी तुला दुसऱ्या कुठल्या मार्गानं गाठू?

फोन वहिनीनं पाठवलाय. तळेघरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हाती, तुझ्याच टॉवेलात गुंडाळून. सोबत निरोप : "भावजी, ह्यातला ह्यांचा आवाज माझ्या फोनात घाला. वर्षश्राद्धाच्या आत पायजे. आन ते चोराचं पैलं घाला, त्यात लई दणदणीत बोलल्यात."

आठ दिवस झाले. ती रोज विचारते, मी रोज थाप मारतो. काल म्हणालो, केबल मिळत नाही. मोबाईलच्या दुकानात केबल मिळत नाही, दादा!

तुला ठाऊकच आहे माझी सवय. खांद्याला एक पिशवी अडकवून डोंगर उतरलो, रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं पाच वर्षं राबलो आणि राजुरीच्या स्टँडवर स्वतःचं दुकान टाकलं. हातापेक्षा कानानं जास्त कमावलं. नुसता आवाज ऐकून सांगायचो, स्पीकर गेलाय की आत पाणी शिरलंय. पण कान चांगला असला की तोंडही सुटतं, आणि माझं तर फारच सुटलं. गिऱ्हाईक स्क्रीन बदलायला यायचं आणि तासभर उपदेश घेऊन जायचं. पोराला फोन किती द्यावा, सुनेचं स्टेटस सासूनं बघावं का, मेलेल्या माणसाच्या फोटोखाली लोक अंगठा का दाखवतात, माझ्याकडं सगळ्यावर मत तयार!

मग रोज सकाळी ग्रुपवर माझा आवाज. "राम राम मंडळी, किसन बोलतोय. आजची गोष्ट ध्यानात ठेवा." लोक ऐकायचे, हसायचे, विसरायचे. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी लॉटरीच्या लिंकवर बोट ठेवून दारात हजर. मी म्हणायचो, अरे बाबांनो, एक तरी माणूस माझं ऐकतो का?

ऐकत होतास तू. तेवढा एकच.

आपल्या घरात रेंज फक्त पुढच्या खिडकीत, म्हणून फोन तिथंच खुंटीला पिशवीत टांगलेला. रिंग वाजली की तू भाताच्या खाचरातून पळत यायचास, स्पीकर लावायचास आणि मान वाकडी करून खिडकीशी बोलायचास. निम्म्या आळीला कळायचं काय चाललंय. माझे सकाळचे उपदेश तू तिथंच उभा राहून दोन-दोनदा ऐकायचास आणि मला म्हणून दाखवायचास, शाळेत कविता म्हणावी तसे.

"कुनी नंबर मागितला की समजायचं चोर. बराबर का किसना?"

"बरोबर, दादा."

"कुठलापन नंबर?"

"कुठलाही. दोन शब्द सुनावायचे आणि ब्लॉक करायचं."

ब्लॉक कसं करायचं हे शिकवायला मला अख्खी दुपार लागली होती. तू चुकून मलाच ब्लॉक केलंस आणि दोन दिवस माझा फोन का येत नाही म्हणून रुसून बसलास, आठवतं का रे? शिवाय प्रत्येक फोन आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोयही मीच करून दिली होती. म्हटलं, पुरावा राहतो.

मग एक दिवस तुझा फोन आला. आवाज नुसता फुललेला.

"किसना, आज एक चोरीण आलती! गोड बोलत व्हती, बाबा बाबा करून. नंबर मागितला आन मी घेतली ना धारंवर! म्हनलं, माझा भाव राजुरीला मोबाईलवाला हाय. गेली शेपूट घालून. केली बलाक."

मी काय म्हणालो? "शाब्बास रे दादा!" एवढ्यावर थांबलो असतो तर! पण दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकलं : माझा भाऊ सातवीपर्यंत शिकला, तळेघरच्या डोंगरात राहतो, तुम्ही शिकलेली माणसं त्याच्याकडून शिका. राजुरीत जो तो मला विचारायचा, "काय राव, चोर पकडणारा भाऊ कसा हाय?" तुला ते कळवलं तेव्हा तू किती हसलास! हसता हसता खोकलास. तो खोकला मी ऐकला, दादा. स्पीकरमधली धूळ ओळखणारा मी, त्या खोकल्याला म्हणालो, "पाणी पी."

अडीच महिन्यांनी तुला खाली आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आधी आणलं असतं तर वाचला असता का, विचारलं तर म्हणाले, तसं सांगता येत नाही. तेव्हा कुठं वहिनीकडून कळलं की तू आधीच दवाखान्यात तपासणी करून आला होतास, थुंकीत रक्त दिसलं म्हणून. रिपोर्ट आल्यावर फोन करू असं त्यांनी सांगितलं होतं. फोन आला नाही, म्हणून तू तिला म्हणालास, "काय न्हाई निघालं. निघालं असतं तर कळवलं असतं."

दादा, तू मला हे का नाही सांगितलंस? सकाळच्या फुलांचे फोटोसुद्धा मला पाठवायचास. फोनवर माशी बसली तरी मला कळवायचास. आणि रक्ताचं लपवलंस?

दहाव्याला वहिनी दोनच गोष्टी सांगत होती. रडताना ही, की दवाखान्यानं साधा फोन केला नाही. आणि कुणी धीर द्यायला जवळ बसलं की ती, ह्यांनी चोरीण कशी हाकलली. त्या वेळी ती लांब खाचरात होती, तिला नुसता तुझा दणदणीत आवाज ऐकू गेला होता. लोक रडता रडता हसत होते. मीही दवाखान्यावर तोंडसुख घेतलं. एक फोन करायला काय जातं त्यांचं, असं चारचौघांत म्हणालो.

मागच्या आठवड्यात तुझा फोन चालू केला आणि वहिनीनं सांगितल्याप्रमाणे चोराचं रेकॉर्डिंग पहिलं लावलं.

दोन सेकंद लागले, दादा. जास्त नाही. फसवणाऱ्यांचे फोन मी शेकडो ऐकलेत, त्यांच्या मागं आवाज कसा असतो ते मला पाठ आहे. हिच्या मागं लहान मूल रडत होतं, लोखंडी खाट सरकत होती, कुणीतरी सलाईन बदला म्हणून ओरडत होतं.

"बाबा, तुमचा रिपोर्ट आलाय. डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. आधी केसपेपरवरचा नंबर सांगा, म्हणजे तुम्हीच का ते बघते."

"आली का नंबरावर! अगं, तुज्यासारख्या लई पाह्यल्यात माझ्या भावानं."

"बाबा, ऐका ना. बरं, मग भावाचा नंबर द्या, मी त्यांच्याशी बोलते."

"बघा, पुन्यांदा नंबर!"

आणि तू फोन ठेवलास.

ती माझ्याशी बोलणार होती. मी त्या वेळी दुकानातच असणार, कुणाला तरी शहाणपण सांगत. ब्लॉकच्या यादीत तिचा नंबर पुढच्या दोन दिवसांत आणखी चार वेळा आलेला दिसतोय. त्यातला एकही तुझ्या खिडकीत वाजला नाही. मी शिकवलेलं तू अगदी बरोबर केलं होतंस.

परवा मी त्या नंबरवर फोन लावला. कुणी दुसरीच बाई होती. म्हणाली, "केसपेपरचा नंबर सांगा." मी फोन ठेवून दिला.

आणखी एक कबूल करतो. मी ते रेकॉर्डिंग कापलं. त्या मुलीचं बोलणं काढून टाकलं, फक्त तुझा आवाज ठेवला. कामात मी पक्का आहे, जोड कुठं कळतसुद्धा नाही. म्हटलं, वहिनीला हेच देऊ. ती हसेल, चार बायकांना ऐकवेल, कुणाचं काय बिघडतंय? मग लावून बघितलं. तू एकटाच ओरडत होतास, समोर कुणी नसल्यासारखा. मला ऐकवेना.

आता दुकानात माणसं येतात. कुणी म्हणतं, "किसनभाऊ, अनोळखी फोन आला तर काय करायचं?" मी काच पुसत राहतो. काय सांगू? उचला म्हणालो तर लुबाडले जातील, नको म्हणालो तर तुझ्यासारखं होईल. खरं आणि खोटं एकाच नंबरावरून, एकाच गोड आवाजात येतं आणि दोघंही नंबरच मागतात. माझ्याकडं उत्तर नाही, दादा. पूर्वीही नव्हतं, फक्त आवाज मोठा होता. सकाळचं बोलणं मी बंद केलंय. ग्रुपवर कुणी विचारलंही नाही.

वहिनीला खरं कळलं तर काय होईल हे मी आठ दिवस मनात फिरवतोय. तुझ्या आठवणीनं तिला हसवणारी एकच गोष्ट उरलीय, ती मी तिच्या हातून काढून घेणार. मला पुन्हा भावजी म्हणेल की नाही, माहीत नाही. तू परत येणार नाहीस आणि माझं ओझंही हलकं होणार नाही, एवढं मात्र माहीत आहे. पण ती रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या दवाखान्यातल्या मुलीला शिव्याशाप देते, आणि त्या मुलीनं तुला पाच वेळा फोन केला होता.

म्हणून तुला शब्द देतो. कापलेलं मी पुसून टाकलंय. श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी स्वतः वर येतोय, फोन कुणाच्या हाती धाडणार नाही. वहिनीला समोर बसवीन, अख्खं रेकॉर्डिंग लावीन आणि ते संपेपर्यंत मध्ये एक शब्द बोलणार नाही. मग ती मला जे म्हणेल ते खाली मान घालून ऐकून घेईन.

तुझा धाकटा,
किसन